जे मताला टाकता येत नाही

आमच्या घरात लोकशाही होती आणि ती खरी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की बाबा हेकट, घरावर सत्ता गाजवणारे गृहस्थ असावेत. तसे ते नव्हते. संगमेश्वरजवळच्या गावी ज्या घरात ते वाढले, तिथे थोरले चुलते म्हणतील तेच व्हायचं. कुणी किती शिकायचं, कुणी मुंबईला जायचं, माशाचा कुठला तुकडा कुणाच्या ताटात पडायचा, सगळं ते एकटे ठरवत. आपलं घर होईल तेव्हा असं चालू द्यायचं नाही, हे बाबांनी तिथेच मनाशी घेतलं होतं. पुढे दुबईत, अल कुसैसला आमचं घर झालं आणि बाबांनी शब्द पाळला. शुक्रवार तेव्हा सुट्टीचा दिवस. पोह्यांच्या बशा हातात आल्या की बाबा विचारायचे, "आज काही ठराव आहे का?" दहा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला एक मत. हात वर करायचे, बाबा मोजायचे, आणि ठरलं ते ठरलं. "खलास," म्हणायचे ते, आणि पोहे खायला लागायचे.

पडद्यांचा रंग असाच ठरला. डिशवर कुठली चॅनेल घ्यायची, देइराच्या बाजारातून सुरमई आणायची की कोंबडी, तेही असंच. एकदा बाबांनीच ठराव मांडला की घर शारजाला हलवावं, तिथे भाडं कमी. आई, ताई आणि मी, तिघींनी विरोध केला. शाळा लांब पडली असती, शिवाय शारजाच्या रस्त्यावर रोजचा ट्रॅफिक. दादा, म्हणजे नितीन, बाबांच्या बाजूने. तीन विरुद्ध दोन. बाबा हरले आणि त्यांनी त्या घरात असेपर्यंत शारजाचं नाव पुन्हा काढलं नाही. जबल अलीच्या फ्री झोनमध्ये एका गोदामावर ते स्टोअरकीपर होते, अंधारातच कंपनीची बस पकडायचे, त्या पगारात आमचं भाडं जड जात होतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण हरलेल्या माणसाने कसं वागावं हे त्यांना माहीत होतं. मी आज हिशेब तपासण्याचं काम करते, मोठमोठ्या कंपन्यांच्या सभा बघते. बाबांइतका प्रामाणिक अध्यक्ष मला अजून भेटलेला नाही. आमच्यावर पुढे जे कोसळलं, ते या प्रामाणिकपणातूनच.

घर म्हणजे एक बेडरूम, एक हॉल आणि एकाच माणसाला वळता येईल असं स्वयंपाकघर. बेडरूममध्ये आईबाबा. हॉलमध्ये कपाट आडवं लावून पलीकडे दादाची गादी, अलीकडे सोफा-कम-बेडवर ताई आणि मी. देवघर फ्रिजच्या वर, लाकडी फळीवर. उदबत्ती लावली की आई आधी स्मोक डिटेक्टरखालची खिडकी उघडायची. एसीची घरघर एवढी सवयीची होती की ती थांबली की आम्ही जागे व्हायचो. शुक्रवारी दुपारी मशिदीतला खुतबा, म्हणजे नमाजचं प्रवचन, लाउडस्पीकरवरून ऐकू यायचा, आई तेवढा वेळ टीव्हीचा आवाज बंद ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. "त्यांची पूजा चालू आहे," एवढंच ती म्हणायची. खाली केरळी माणसाचं किराणा दुकान, तिथे नारळ मिळायचे, कोकमं नाही. कोकमं, कुळीथ पीठ आणि सुके बोंबील गावाहून येणाऱ्याच्या बॅगेतून येत. बोंबील भाजले की शेजारचा लाहोरचा मुलगा दार वाजवून विचारायचा, "आंटी, कुछ जल रहा है?" आणि आई दरवेळी ओशाळून हसायची.

ताई, म्हणजे शुभदा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घरातली सगळ्यात शांत आणि सगळ्यात हट्टी. बी.कॉम. करून ती आमच्याच भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लागली होती. तिथे फिलोमिना नावाची नर्स होती, वसईची, आमच्यापेक्षा ठसठशीत मराठी बोलणारी. ताई तिच्याबरोबर शुक्रवारी जबल अलीच्या चर्चमध्ये जाऊ लागली. आधी सोबत म्हणून, मग स्वतःहून. घरी सांगायची, फिलोमिनाबरोबर जाते आहे. ते खोटं नव्हतं. सोफ्यावर रात्री माझ्या शेजारी ती डोळे मिटून बराच वेळ पुटपुटायची. मी एकदा विचारलं, "काय म्हणतेस?" ती म्हणाली, "आभार." "कसले?" तर म्हणाली, "ते अजून नीट कळलेलं नाही गं."

त्याच दिवसांत माझ्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. समाजशास्त्राच्या टीचरनी चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि माझ्या वाट्याला अमेरिकेच्या घटनेचा एक शिल्पकार आला, जो पुढे त्या देशाचा अध्यक्षही झाला. विषय: धर्मस्वातंत्र्य आणि मर्यादित सरकार याबद्दलचे त्याचे विचार. वर्गातल्या मुलींना गांधीजी आले होते, मंडेला आले होते. मला रडूच कोसळलं. लायब्ररीतून जाड पुस्तक घरी आणलं, त्यात त्याचं चित्र. उंचीने कमी, अंगाने किरकोळ, तब्येतीने नाजूक, आवाज इतका लहान की भर सभेत मागच्यांना ऐकू जायचं नाही. आईने चित्र बघून म्हटलं, "हा कसला अध्यक्ष? याला तर खायलाच कुणी घालत नव्हतं." तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव पडलं बुटके साहेब. इथेही मी तेच वापरते.

बाबांना बुटके साहेब फार आवडले. बसमधून परत आले की चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायचे. "हं, आज काय म्हणतात तुझे साहेब?" मी सांगायची. की तरुणपणी साहेबांनी पाहिलं, शेजारच्या मुलखात काही धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकलंय, गुन्हा एवढाच की सरकारी परवान्याशिवाय उपदेश केला. त्यांचा पंथ साहेबांचा नव्हता, तरी साहेबांचा संताप झाला. पुढे त्यांच्या राज्याने हक्कांचा जाहीरनामा लिहायला घेतला, तेव्हा मसुद्यात होतं की सगळ्यांच्या धर्माला सहन करावं. पंचविशीच्या साहेबांनी हरकत घेतली. सहन करणारा उद्या सहन करायचं थांबवू शकतो. म्हणून तिथे उपकाराची भाषा नको, हक्काची हवी. बाबांनी मांडीवर थाप मारली. "वा! थोरल्या चुलत्यांना कुणी हे सांगायला हवं होतं." पुस्तकात हेही होतं की या माणसाच्या मळ्यावर गुलाम राबत होते आणि मरताना देखील त्याने त्यांना मोकळं केलं नाही. मला ते वाचून कसंतरीच झालं. टीचर म्हणाल्या, स्पीचमध्ये टाकू नकोस, टाइम लिमिट आहे. बाबा म्हणाले, "माणूस स्वतःच्या उंबरठ्यावर कमी पडतो, मने. म्हणून विचार खोटा होत नाही." हे वाक्य मी विसरू शकलेले नाही.

मग तो शुक्रवार आला. पोहे वाढून झाले होते, बाबांनी नेहमीसारखं विचारलं, आज काही ठराव आहे का. ताई म्हणाली, "ठराव नाही, सांगायचं आहे. मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलंय."

पहिलं वाक्य दादाचं. "कोण आहे तो?"

"कोण तो?"

"मुलगा गं! मल्लू आहे का? फिलोमिनाचा भाऊ आहे ना कुणी?"

"मुलगा नाही, नितीन."

"कम ऑन, ताई. असं कुणी उगीच करतं का?"

आई बशी खाली ठेवून म्हणाली, "खरं सांग शुभा. मुलगा असेल तर आपण बघू. घरी बोलाव त्याला. आपण काही जंगली नाही."

मला आजही याचं नवल वाटतं. मुलगा असता तर घराने कदाचित वाट काढली असती. रडारड झाली असती, दोन-चार महिने अबोला, मग कुणीतरी मध्यस्थ. कोणी नाही, नुसता देव आहे, हे मात्र कुणाच्या पचनी पडेना. दादाने तिचा मोबाइल उचलून नंबर बघितले. त्यात आम्ही होतो, दवाखाना होता आणि फिलोमिना होती.

बाबा घाबरलेले होते, हे मला आता कळतं. "शुभा, आपण या देशात पाहुणे आहोत," ते म्हणाले. "धर्माच्या भानगडीत कुठे नाव आलं तर कंपनी विचारणार नाही कोण बरोबर, कोण चूक. पाचही जणांना बॅगा भराव्या लागतील." मग त्यांनी बशी बाजूला सरकवली आणि घराच्या रीतीप्रमाणे म्हणाले, "शुभाने हे थांबवावं, असा मी ठराव मांडतो."

"बाबा, हे मताला टाकता येत नाही," मी म्हटलं.

"का? घर कुठे घ्यायचं ते टाकता येतं. मी हरलो तिथे. कुरकुर केली का?"

"ते सगळ्यांचं होतं. हे तिचं एकटीचं आहे. जास्त हात वर आले म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. बुटके साहेबांचं हेच तर म्हणणं आहे. सरकार निवडून आलेलं असलं तरी त्याने कुठे शिरायचंच नाही, हे आधी ठरलेलं असावं."

"तिचं एकटीचं?" दादा उसळला. "उद्या माझ्यासाठी स्थळ बघायला गेलो की काय सांगायचं? बहीण प्रायव्हेट मॅटर आहे?"

"देव काय एकटीचे असतात का गं?" आई म्हणाली. "फळीवरचे देव कुणाचे, सांग बघू? माझे एकटीचे?"

बाबा मला म्हणाले, "तुझ्या साहेबांची घटना सरकारसाठी होती. मी सरकार आहे का? मी बाप आहे."

तेव्हा ताई पहिल्यांदा मान वर करून बोलली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझा व्हिसा कुणाच्या हातात आहे, बाबा?"

आपण किती बांधलेले आहोत, एवढंच तिला दाखवायचं होतं. दादाचा व्हिसा त्याच्या कंपनीचा होता, पण आई, ताई आणि मी बाबांच्या स्पॉन्सरशिपवर होतो. नोकरी असली तरी ताईचा राहण्याचा परवाना मुलगी म्हणून होता, आणि वडिलांच्या अर्जावर तो रद्द होऊ शकत होता. हे सगळ्यांना माहीत होतं, जसं गॅसच्या सिलिंडरचं माहीत असतं. त्या क्षणापर्यंत मात्र आमच्यापैकी कुणीही, बाबांनीसुद्धा, ते या गोष्टीला जोडून पाहिलं नव्हतं. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते जोडलं गेलेलं मला दिसलं.

मतदान झालं. बाजूने तीन: बाबा, दादा, आई. विरोधात एक, ताई स्वतः. मी हात वर केला नाही. बाबांनी विचारलं, "तू विरोधात का?" मी म्हटलं, "मी यात नाहीच. हा प्रश्न चुकीचा आहे." ते म्हणाले, "ठीक. तटस्थ," आणि मोजणी पुरी केली. "तीन विरुद्ध एक. ठरलं ते ठरलं." त्या दिवशी खलास म्हणाले नाहीत.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, "बट आई, चर्चला जाणं इथे अलाउड आहे. सो व्हॉट वॉज द प्रॉब्लेम?" त्याचं बरोबर आहे. चर्चला जागा सरकारने दिलेली होती. रांगा लागायच्या, पोलीस गाड्या लावायला जागा दाखवायचे. अमीरातीतल्या एकाही कचेरीने ताईला विचारलं नाही की तू आज कुणाला हात जोडलेस. ज्यांची भीती घालून बाबांनी ठराव मांडला, त्यांना आमच्या घरातल्या देवांशी देणंघेणं नव्हतं. हरकत होती ती फक्त आम्हाला. एकशेदहा टक्के घरगुती हरकत.

पुढच्या शुक्रवारी ताई उठली, आंघोळ केली, निळा सलवार-कमीज घातला आणि पर्स उचलली. बाबा दारात उभे. "ठराव झालाय, शुभा."

"आजवरचे सगळे ठराव मी पाळले, बाबा. हाही पाळायचा म्हणून आठवडाभर प्रयत्न केला. रात्री प्रार्थना करायची नाही असं ठरवून झोपायची. नाही जमलं. तुम्ही हरलात तेव्हा तुम्हाला फक्त एका घराचा विचार सोडावा लागला. मला..." तिने शब्द शोधला आणि तिला तो सापडला नाही. बाबांच्या हाताखालून वाकून ती निघून गेली. बाबांनी तिला अडवलं नाही. त्यांनी कधीही, कुणावरही हात उचलला नाही.

त्या दुपारी पापलेटचं कालवण होतं, कुणी जेवलं नाही. ताई परत आल्यावर बाबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि दुसरा ठराव मांडला: घराने ठरवलेलं जो मानत नाही, त्याला गावी पाठवावं. काही महिने. तिथे मोठ्या घरी, चुलत्यांचा मुलगा बाळकाका होता, त्याच्याकडे. ज्या घराच्या आठवणीने बाबांना अजून झोपेत ओरडायला व्हायचं, त्या घरी. मी ते बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "बाळ वेगळा आहे." तो वेगळा नव्हता.

या वेळी मी हात वर केला, विरोधात. ताईनेही. बाबा आणि दादा बाजूने. दोन-दोन झाले आणि सगळे आईकडे बघायला लागले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ताई तिच्याजवळ जाऊन खाली बसली. "आई, मी कुठे जात नाहीये तुला सोडून. मी इथेच आहे. रोज तुझ्या हातचं खाईन. फक्त शुक्रवारी दोन तास."

"तसं नाही गं बाई," आई म्हणाली. "इथे राहिलीस तर तू हातातून जाशील. गावात देवी आहे, माणसं आहेत. वारा बदलला की डोकं निवतं. पावसाळ्यापर्यंत परत येशील. येईल ना हो?" हे बाबांना. बाबांनी मान हलवली. मग आईने हात वर केला, अगदी थोडा, खांद्याच्या वर जाईल न जाईल इतका, आणि रडायला लागली. मुलीला वाचवतोय अशा समजुतीने तिने तिच्याविरुद्ध मत दिलं. माझ्या आयुष्यातले बरेच हिशेब मी जुळवलेत. हे तीन विरुद्ध दोन कुठल्याच रकान्यात बसत नाही.

नंतरचे दिवस कसे गेले ते सलग आठवत नाही. दवाखान्याच्या मॅनेजरने निरोप पाठवला की आम्ही तिला आमच्या व्हिसावर घेऊ, फक्त वडिलांचं ना-हरकत पत्र द्या. बाबा म्हणाले, "मी एकटा कोण देणारा? घराचा निर्णय आहे." हे ते मनापासून म्हणत होते. स्वतः ठरवलं असतं तर त्यांना रात्री झोप लागली नसती आणि एखाद्या सकाळी त्यांनी ते फिरवलंही असतं. पण बहुमताने त्यांच्यावरचं ओझं काढून घेतलं होतं. थोरल्या चुलत्यांना निदान लोक शिव्या देऊ शकत होते. आमच्या घरात शिव्या कुणाला द्यायच्या? कंपनीच्या पीआरओने, म्हणजे व्हिसाची कामं करणाऱ्या माणसाने, ताईचा व्हिसा रद्द करायचा अर्ज भरला, तिच्या पासपोर्टवर शिक्का बसला, आणि दादाने तिचा मोबाइल काढून घेऊन कपाटात ठेवला. फिलोमिना एकदा दारापर्यंत आली. आईने तिला पाणी दिलं, आत घेतलं नाही. ताई सोफ्यावर बसून माझ्या शाळेच्या युनिफॉर्मची बटणं लावत होती, ढिली झालेली आणि न झालेलीही.

माझी स्पर्धा त्याच आठवड्यात झाली. नंबर आला नाही, आवाज मागे पोहोचला नाही म्हणे. बाबा गोदामातून सुट्टी घेऊन आले होते. मी म्हणाले की माणसाचं मन ही अशी जागा आहे जिथे राजाला आणि बहुमताला सारखाच मज्जाव असला पाहिजे. मी ते स्टेजवरून थेट बाबांकडे बघून म्हणाले. बाबांनी टाळ्या वाजवल्या. सभागृहात सगळ्यात मोठ्या त्यांच्याच होत्या. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "छान बोललीस. पण मने, घर वेगळं असतं," आणि चष्मा काढून पुसत राहिले.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगीच आशा धरू नये. ताई परत आली नाही. बाळकाकाने तिला माजघरात ठेवलं, फोनला कुलूप घातलं, स्थळं आणली. एका सकाळी ती एसटीत बसून निघून गेली आणि बरेच दिवस ती कुठे आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आईने त्या काळात अन्न टाकलं. पत्ता लागल्यावर बाबांनी नवा व्हिसा मागायची सगळी कागदपत्रं तिच्याकडे धाडली. तिने सही केली नाही. कळवलं की ज्या घरात माझा देव मताला टाकला गेला, तिथे पाहुणी म्हणूनही येणार नाही. आज ती नाशिकला लहान मुलांना शिकवते. माझ्याशी बोलते, आईशी बोलायची. बाबा गेले तेव्हा आली. सगळं आटोपलं होतं.

तर विमानतळ. विमान दुपारचं होतं. आई आली नाही, तिला चक्कर आली होती. दादा आम्हाला टॅक्सीत बसवून कंपनीत गेला. बाबा, ताई आणि मी. आत फक्त प्रवाशांना सोडत होते, त्यामुळे दाराबाहेर, ट्रॉल्यांच्या रांगेपाशी आम्ही उभे. उन्हाची धग जमिनीतून वर येत होती आणि दार उघडलं की आतली थंड हवा अंगावर यायची. आजूबाजूला जबल अलीच्या कामगार कँपमधून सुट्टीवर निघालेली माणसं, ब्लँकेटांचे गठ्ठे दोरीने बांधलेले, सगळी खुशीत.

बाबांनी एकदम ताईचं मनगट धरलं. "शुभा, ऐक. पीआरओला मी विचारलंय. नवा अर्ज करता येतो. आत्ता इथून परत जाऊ. तू फक्त म्हण की मी सोडलं."

"नाही सोडलं, बाबा."

"अगं म्हण नुसतं! मनात काय आहे ते कोण बघायला येणार आहे? मी नितीनला सांगतो, आईला सांगतो, पुन्हा हात वर करायला लावतो. एकदा म्हण. खोटं म्हण. मी विचारणार नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्वतः हरलेला ठराव पाळणारा माणूस भर दुपारी, लोकांसमोर, आपल्या मुलीकडे खोट्याची भीक मागत होता.

ताईने त्यांचा हात सोडवला नाही. तिने विचारलं, "खोटं बोलले तर ठेवाल मला?"

"ठेवीन. देवाशपथ ठेवीन."

"मग खरं बोलले तर का नाही?"

बाबांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते, ताईही वाट बघत होती. मग वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, ट्रॉली वळवली आणि दारावरच्या गार्डला तिकीट दाखवून आत गेली. काचेतून तिचा निळा सलवार-कमीज थोडा वेळ दिसला, मग पंजाबी कुटुंबाच्या बॅगांआड गेला.

बाबा तिथेच उभे होते. ओठ हलत होते. मग ते मला म्हणाले, "चालेल."

"काय, बाबा?"

"खरं बोलली तरी चालेल. तिला सांग. चालेल म्हणावं." आणि ते खिशातला फोन काढून तिचा नंबर लावायला लागले. रिंग जात राहिली. तो फोन घरी दादाच्या कपाटात होता, हे आम्हा दोघांना एकदमच आठवलं. बाबा दाराकडे धावले. माझे बाबा धावताना मी तेवढे एकदाच पाहिले.

गार्डने हात आडवा धरला. "टिकट, अंकल?"

"मेरी बेटी अंदर गई है. अभी गई. एक बात बोलनी है, बस एक बात."

"टिकट दिखाइए."

"टिकट नहीं है. भैया, मैं उसका बाप हूँ. मैं ही उसका स्पॉन्सर हूँ."

गार्ड वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांकडे बघितलं, काचेतून आत बघितलं. "रूल है, अंकल. मैं नहीं छोड़ सकता." मागे ब्लँकेटांचे गठ्ठे घेतलेली माणसं तुंबली होती, कुणीतरी यल्ला, यल्ला म्हणत ट्रॉली पुढे रेटत होतं.

"साइड में, अंकल," गार्ड म्हणाला, "पीछे लाइन है."

बाबा बाजूला झाले.